सोलापूर : चादरींचें गांव आणि विजेचा सांधा

सोलापूर हें नांव निघालें कीं आपल्याकडील घरांतून तीन गोष्टी हटकून आठवतात : चादर, शेंगांची चटणी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. गेल्या संक्रान्तीस आम्ही घरचीं सात माणसें पुण्याहून आगगाडीनें तिकडे निघालों, तें या तिहींच्याच ओढीनें. परंतु त्या गांवीं आणखी एक वस्तु आहे, आणि ती पाहावयास कोणी यात्रेकरू जात नाहीं. देशाच्या इतर भागांतील विजेच्या जाळ्याशीं दक्षिणेचें जाळें ज्या मार्गानें प्रथम एका तालांत बांधलें गेलें, त्या मार्गाचें एक टोंक सोलापुरास आहे व दुसरें रायचुरास. ३१ डिसेंबर २०१३ या दिवशीं हा सांधा जुळला. तेव्हांपासून उत्तरेकडील हिमालयाच्या पायथ्याचें वीजगृह आणि तामिळ देशांतील वीजगृह एकाच ठेक्यावर, सेकंदास पन्नास आवर्तनें या गतीनें, चालतात. सांध्याचें महत्त्व दारच्या कडीसारखें असतें; ती जागच्या जागीं आहे तोंवर तिचें कोणास भान नसतें.

यात्रेचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे. तें आम्ही येथें लांबवीत नाहीं. पांढऱ्या बाराबंदींतील मानकरी, त्यांनीं तोलून धरलेले उंच सात नंदीध्वज, आणि अक्षतासोहळ्याच्या वेळीं दाटलेली ती गर्दी, हें ज्यानें त्यानें स्वतः पाहावें. आम्हांस विशेष कौतुक वाटलें तें गांवच्या बोलीचें. एकाच रस्त्यावर मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू अशा चार भाषा कानीं पडतात, आणि दुकानदार चारींतहि भाव सांगतो. मात्र भाव कमी करण्याची विनंती त्याला एकाहि भाषेंत समजत नाहीं.

चादरींच्या खरेदीसाठीं आम्ही पूर्व भागांत गेलों. यंत्रमागांची खडखड तेथें गल्लीबोळांतून ऐकूं येते, आणि मागावरील मंडळी बहुतकरून कांहीं पिढ्यांपूर्वीं तेलंगणाकडून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली घराण्यांतील असतात. आमच्या थोरल्या वहिनींनीं एका दुकानांत चादर उचलली. तिच्यावर सोलापूर हीं अक्षरें चांगलीं ठळक होतीं, आणि तेवढ्यावर त्यांचें समाधान झालेलें दिसलें. दुकानदार हंसला व म्हणाला, "ताई, नांव कुणीबी छापतंय. उलटी करून बघा, नक्षी मागच्या अंगाला उमटलीय का बघा, वजन हातांत घ्या, आन् कारखान्याचा पत्ता वाचा." परगांवच्या, विशेषतः पानिपताकडील मागांवर विणलेल्या हलक्या चादरी सोलापुरी म्हणून खपविल्या जातात, हें येथील विणकरांचें जुनें दुखणें आहे. त्यासाठींच सोलापुरी चादरीची भौगोलिक निर्देशनाखालीं सरकारी नोंद करून घेण्यांत आली. परंतु नोंद कागदावर असते आणि चादर गिऱ्हाइकाच्या हातांत. मधल्या वाटेवर किती हात लागले हें नोंदीवरून कळत नाहीं.

ही हकीकत रात्रीं जेवतांना निघाली. वहिनींचे बंधु सोलापुरासच असतात. आमचा मुक्काम त्यांच्याकडेच होता. विजेच्या खात्यांत पस्तीस वर्षें रिले तपासण्याचें काम करून ते निवृत्त झाले आहेत, व घरांतील लहानथोर सर्व त्यांस दादा म्हणतात. कडक भाकरीचा तुकडा मोडीत ते म्हणाले, "त्या दुकानदारानें जी परीक्षा सांगितली, तीच मी जन्मभर करीत आलों. फरक इतकाच, कीं चादरीला उलटी बाजू असते; चिपेला ती नसते."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादा आम्हांस शहराबाहेर घेऊन गेले. उपकेंद्राच्या आंत परक्या माणसास सोडीत नाहींत, आणि सोडीत नाहींत हें योग्यच आहे. आम्ही रस्त्याच्या कडेस उभे राहून पाहिलें. ज्वारी हुरड्यास आलेली. त्या हिरव्या शेतांतून पोलादी मनोऱ्यांची रांग आग्नेयेकडे कर्नाटकाच्या अंगास गेलेली. या तारांतून सात लक्ष पासष्ट हजार व्होल्ट दाबाची वीज सुमारें २०० किलोमीटर जाते. खालीं उभें राहिलें असतां भ्रमरांचा थवा जात असावा असा बारीक गुंजारव ऐकूं येतो. मुलांना त्याची मौज वाटली. आमच्या मातुःश्रींनीं मात्र दोन पावलें मागें सरकून मनोऱ्यास नमस्कार केला.

हा सांधा जोडण्यापूर्वींची एक गोष्ट दादांनीं तेथेंच सांगितली. ३० जुलै २०१२ रोजीं पहाटे अडीचच्या सुमारास ग्वाल्हेर आणि बीना यांमधील एक मार्ग एकाएकीं बंद झाला. तार तुटली नव्हती, मनोरा पडला नव्हता; तारेवर बोजा फार झाला होता, आणि रक्षणासाठीं बसविलेल्या रिलेनें त्या बोज्यालाच बिघाड समजून मार्ग तोडला. पाठोपाठ सारा उत्तर भारत अंधारांत गेला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास तोच मार्ग तसाच पुन्हां तुटला, व या वेळीं उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशीं तिन्ही जाळीं कोसळलीं. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशांत वीज नव्हती. आगगाड्या वाटेंत उभ्या राहिल्या. बंगालकडे खाणींत मजूर अडकले. दक्षिणेस मात्र त्याची झळ पोंचली नाहीं, कारण दक्षिणेचें जाळें तेव्हां स्वतंत्र तालावर चालत होतें. आतां तें स्वतंत्र नाहीं. एकत्र कुटुंबांत ज्याची त्याला मदत होते व ज्याचा त्याला तापहि होतो, तसेंच हें झालें आहे. आणि वेगळें राहण्यापेक्षां एकत्र राहणें फायद्याचें, हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. त्या दिवशींच्या अनर्थांत कोणाचें कपट नव्हतें, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण एका पेटीची समजूत चुकली तर काय होतें, हें सबंध देशानें पाहिलें.

आतां ही पेटी कशी असते तें पाहूं. दादा नोकरीस लागले तेव्हां रिले म्हणजे घड्याळजीच्या हातचें काम होतें. एक पातळ तबकडी, एक कमान, दोन कांटे. प्रवाह वाढला कीं तबकडी फिरे, कांटे चिकटत, आणि ब्रेकर उघडे. "मी ती उघडून पुसून पुन्हां लावीत असें. आंत जें होतें तें माझ्या डोळ्यांना दिसत होतें." आजचा रिले हा एक लहान संगणक आहे. तो प्रवाह व दाब क्षणोक्षणीं मोजतो, गणित करतो, आणि सेकंदाच्या कांहीं शतांशांत मार्ग तोडावा कीं राखावा हें ठरवितो. हुशारीनें तो जुन्याच्या कितीतरी पुढें आहे. या तारेवर तबकडीच्या रिलेनें भागलेंच नसतें. परंतु त्याच्या आंत काय चाललें आहे हें तपासणाराच्या डोळ्यांस दिसत नाहीं.

आणि ही पेटी एका घरीं जन्मास येत नाहीं. चिपेचा आराखडा एका देशांत होतो, ती घडते बहुधा तैवानांत, तिला कवच चढतें मलेशियांत, पट्टीवर ती बसविली जाते चौथ्या ठिकाणीं, आणि तिला चालविणारी आज्ञावली कांहीं युरोपांत व कांहीं आपल्या बंगळुरांत लिहिलेली असते. मध्यें दलाल, गोदामें, जहाजें. यालाच पुरवठ्याची साखळी म्हणतात, आणि तिचा कोणता दुवा कच्चा आहे हें शोधणें हा आज एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे.

कच्चेपणाचा अगदीं साधा प्रकार चादरीसारखाच. जुन्या मोडीत काढलेल्या यंत्रांच्या पट्ट्या आगीवर धरून चिपा सुट्या करावयाच्या, धुवावयाच्या, वरचीं अक्षरें घासून काढून नव्या तारखेचीं छापावयाचीं, आणि कोऱ्या म्हणून विकावयाच्या. अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीनें मे २०१२ मध्यें जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत लष्करी यंत्रसामग्रींत शिरलेल्या अशा संशयित मालाचीं सुमारें १८०० प्रकरणें आणि दहा लाखांहून अधिक सुटे भाग नोंदलेले आहेत. एवढा खर्च करणाऱ्या सेनेची ही गत, मग ज्याच्या निविदेंत सर्वांत स्वस्त मालच निवडावा लागतो त्याचें काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा प्रकार अधिक अवघड. तेथें लबाडीहि लागत नाहीं. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांतल्या एका लहानशा कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत, यंत्रांना एकमेकांशीं जाळ्यावरून बोलतां यावें म्हणून एक आज्ञावली लिहिली. ती चांगली होती, म्हणून पुष्कळांनीं विकत घेतली. त्यांच्याकडून इतरांनीं घेतली. जून २०२० मध्यें इस्रायली संशोधकांनीं तींत १९ छिद्रें दाखविलीं, तोंवर ती कोट्यवधि यंत्रांत जाऊन बसली होती : छापखान्याच्या यंत्रांत, रुग्णालयांतील पंपांत, विजेच्या सामग्रींत. कित्येक कारखानदारांस ती आपल्या मालांत आहे हें ठाऊकच नव्हतें.

हें ऐकून आम्ही विचारलें, कीं मग एवढी मोठी तार एकाच पेटीच्या भरंवशावर कशी सोडली? दादा म्हणाले, "सोडलेली नाहीं. पहारेकरी दोन असतात." मोठ्या दाबाच्या मार्गावर मुख्य रिले दोन बसवावयाचे, आणि ते वेगवेगळ्या कारखान्यांचे किंवा निदान वेगवेगळ्या तत्त्वावर चालणारे घ्यावयाचे, अशी आपल्याकडे जुनीच वहिवाट आहे. ती कपटाच्या भयानें पडलेली नाहीं. एकाला न कळलेला बिघाड दुसऱ्यास कळावा एवढाच तिचा हेतु होता. आज तीच वहिवाट नव्या भयावर औषध म्हणून उपयोगीं पडते. मात्र दोन कारखान्यांनीं आंतली चिप किंवा आज्ञावली एकाच ठिकाणाहून घेतलेली असेल, तर दोन पहारेकरी दिसावयास दोन आणि मिंधे एकाचेच. म्हणून नुसतें नांवाचें वेगळेपण पुरत नाहीं. आंतल्या जिनसांची यादी पाहावी लागते. आपल्या देशांतील संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनें, म्हणजे सर्ट-इन हिनें, आज्ञावलीच्या घटकांची अशी यादी कशी ठेवावी याचीं मार्गदर्शक सूत्रें ऑक्टोबर २०२४ मध्यें काढलीं, आणि पुढें जुलै २०२५ मध्यें यंत्राच्या सुट्या भागांचाहि त्यांत समावेश केला. वाणसामानाची यादी आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या लिहिली जाते. यंत्राच्या पोटांतील सामानाची यादी मागावयास मात्र आपण आतां कोठें शिकत आहों.

कपटाचे दाखले जगांत थोडे नाहींत. २३ डिसेंबर २०१५ रोजीं युक्रेनमध्यें परक्यांनीं दुरून ब्रेकर उघडले व सुमारें सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालविली. जातां जातां उपकेंद्रांतील लहान दळणवळणाच्या पेट्यांची मूळ आज्ञावलीच पुसून टाकली, जेणेंकरून त्या पुन्हां हुकूम ऐकूं नयेत. तरीहि कांहीं तासांत वीज आली, कारण माणसें गाड्या काढून उपकेंद्रांवर गेलीं आणि हातानें ब्रेकर लावते झालीं. सप्टेंबर २०२४ मध्यें लेबनॉनांत हजारों पेजर एकाच वेळीं फुटले. त्यांवर नांव तैवानी कंपनीचें, परवान्याचे कागद हंगेरींतील एका कंपनीचे, आणि पोटांत स्फोटक. कित्येक मेले, हजारों जखमी झाले. यंत्र घेणारानें पेटीवरील नांव वाचलें होतें.

आपल्याकडे काय झालें? १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली व लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, हें वाचकांस स्मरत असेल. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकी संस्थेनें अहवाल काढला, कीं चिनी हस्तकांनीं भारतांतील भारप्रेषण केंद्रांच्या संगणकांत शिरकाव केलेला आढळतो. दुसऱ्याच दिवशीं राज्याच्या गृहमंत्र्यांनीं मुंबईच्या अंधारामागें घातपात असावा असें सूचित केलें. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं तो मानवी चुकीचा परिणाम असल्याचें सांगितलें. चीननें आरोप नाकारला. या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगून थांबणेंच आम्हांस बरें वाटतें. शिरकाव होणें आणि त्या शिरकावामुळेंच दिवा जाणें, यांत अंतर आहे, आणि तें अंतर तोडून बोलण्याची घाई वर्तमानपत्रांस असली तरी आपणांस असण्याचें कारण नाहीं.

सरकारनें मात्र त्याहिपूर्वीं, २ जुलै २०२० रोजीं, विजेच्या यंत्रणेसाठीं परदेशांतून येणाऱ्या सर्व सामग्रींत कांहीं दडलेली घातक आज्ञावली आहे काय हें ठरलेल्या प्रयोगशाळांतून तपासून घ्यावें, व कांहीं विशिष्ट देशांचा माल पूर्वपरवानगीवांचून आणूं नये, असा हुकूम काढला. २०२१ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें वीजसंस्थांसाठीं सविस्तर नियमावली दिली. सोलापूरच्या ज्या भागांत महाऔष्णिक केंद्राच्या ६६० मेगावॉटच्या दोन यंत्रांच्या चिमण्या दिसतात, तेथवर हे नियम सर्वांस लागू आहेत. पण प्रयोगशाळेलाहि मर्यादा आहे. चिपेंत कोट्यवधि सूक्ष्म घटक असतात. परीक्षेच्या दिवशीं ती कशी वागली हें कळतें, तीन वर्षांनीं एखाद्या ठराविक तारखेस ती कशी वागेल हें कळत नाहीं. शिवाय परीक्षा झाल्यावर पेटींत नवी आज्ञावली भरावी लागतेच, आणि ती दुरुस्तीच्या नांवाखालीं येते. डिसेंबर २०२० मध्यें उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणांत अठरा हजारांच्या सुमारास संस्थांनीं दूषित आज्ञावली स्वतःच्याच हातांनीं उतरवून घेतली होती. ती अधिकृत होती, तिच्यावर सही होती. म्हणून दादांसारखे जुने लोक एका गोष्टीवर अडून बसतात : जाळें तुटलें तरी हातानें चालवितां आलें पाहिजे, व तें कसें चालवावें हें नव्या मुलांना वर्षांतून एकदां तरी करावयास लावलें पाहिजे. खर्चाच्या भीतीनें या सरावाला काट लागते असें ते कळवळून म्हणाले. आम्हांस त्यांचें म्हणणें पटलें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें स्मारक पाहिलें. सोलापुरास जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ मध्यें काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेला, तेथील जखमी सैनिकांची सेवा करीत राहिला, आणि डिसेंबर १९४२ मध्यें वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच वारला. चीनमधून येणारे पाहुणे या घरीं येऊन फुलें वाहतात. आदल्या दिवशींच्या गोष्टी मनांत ताज्या असतां तेथें उभें राहणें सोपें गेलें नाहीं. धाकटा पुतण्या तर म्हणाला, "दादामामा, मग चीन चांगला कीं वाईट?" दादांनीं त्याला कडेवर घेतलें व सांगितलें, कीं प्रश्न चीनचा नाहीं, पेटीचा आहे; ती कोणी केली, कोणी उघडली आणि तिची किल्ली कोणाजवळ आहे, एवढें विचारावयाचें. देशाच्या नांवानें चाळणी लावणें सरकारला भाग पडतें, कारण लाखों वस्तूंपैकीं कोणती आधीं तपासावी हें कोठून तरी ठरविलें पाहिजे. परंतु चाळणी म्हणजे परीक्षा नव्हे. लेबनॉनमधील पेजर कोणत्याहि चाळणींतून खालीं पडले असते.

परत येण्यापूर्वीं दादांनीं त्यांच्याच घराचा हिशेब आमच्यापुढें मांडला, आणि आम्हांस वाटतें तो प्रत्येक घराचा आहे. त्यांच्या दारावर चोरांसाठीं बसविलेला कॅमेरा होता. २०१६ मध्यें जगांतील असेच लाखों कॅमेरे व पेट्या परक्यांनीं वश करून घेतल्या, कारण कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द घेणारांनीं बदललाच नव्हता. त्या वर्षींच्या २१ ऑक्टोबरला त्या फौजेनें अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. दादांनीं कॅमेरा बदलून, ९ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें तपासलेला घेतला, त्याचा परवलीचा शब्द स्वतः घातला, आणि तो घरांतल्या संगणकांच्या जाळ्यापासून वेगळ्या जाळ्यावर ठेवला. जुना कॅमेरा भंगारवाल्यास दिला नाहीं, फोडून दिला. घासलेल्या चिपांची गोष्ट ऐकल्यावर त्याचें कारण विचारावें लागलें नाहीं.

ओसरीवर विजेचें नवें मीटर होतें. या मीटरांच्या भारतीय मानकाप्रमाणें आंत एक कळ असते, आणि ती दूरच्या कचेरींतून उघडतां येते. म्हणजे थकबाकीदाराची वीज तोडण्यास माणूस पाठवावा लागत नाहीं. एका घराच्या बाबतींत ही सोय आहे. लाखों घरांच्या कळा एकाच आज्ञेनें एकाच क्षणीं उघडल्या, तर तो धक्का ग्वाल्हेरच्या तारेपेक्षां लहान नसेल, आणि आतां तो सोलापूरच्या सांध्यावरून दोन्ही बाजूंस जाईल. वहिनी हें सर्व ऐकत भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, मग तूं कचेरीला विचारलंस का, ही कळ कोण उघडूं शकतो?" दादांनीं विचारलें नव्हतें. वहिनींनीं भाजी बाजूस सारली, मुलाची वही घेतली, आणि पत्र लिहावयास बसल्या. मीटरांतील पट्टी कोठें तयार होते. आंतल्या आज्ञावलीची दुरुस्ती कोण पाठवितो व ती खरी असल्याची खूण मीटर कशी पटवितो. एका वेळीं किती कळा उघडतां येतील यास कांहीं बंधन आहे काय. असे तीन प्रश्न दादांनीं सांगितले, आणि चौथा वहिनींनीं आपल्या मनानें घातला, कीं या सर्व गोष्टींची यादी घरमालकास मागितल्यास मिळते काय. स्टेशनावर जातां जातां तें पत्र टपालांत टाकलें.